घंटा झाली की

१२ ऑगस्ट

ताई,

हा कागद कॅलेंडरची मागची बाजू आहे, हे तुला दिसलंच असेल. चांगल्या कागदावर लिहायला बसले होते, पण 'ताई' लिहून पुढे काही सुचेना आणि तीन कागद फुकट गेले. मग म्हटलं, आपल्याला परवडतं त्यावरच लिहू. फोन करणार नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला भांडायलाच सुचतं.

तुझं पत्र आणि त्यासोबतचं त्या खाजगी शाळेचं चकचकीत माहितीपत्रक पोचलं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'र' अजून तसाच काढतेस, लांब शेपटीचा. तुझ्या मुलीच्या लग्नात जे झालं त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, मीही लिहिणार नाही. तो विषय संपला.

तू विचारलंस म्हणून सांगते. खारूताई आता सात वर्षांची आहे. खिशात, गालात, उशीच्या अभ्र्यात बाटल्यांची झाकणं साठवते म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं हे नाव, तेच चिकटलं. डॉक्टरांनी दिलेलं नाव ऑटिझम. आपल्याकडे स्वमग्न म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. ती स्वतःत मग्न नसते गं. तिला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त दिसतं, आणि त्याने ती बेजार होते. आपणहून बोलत नाही. माझी वाक्यं उचलते आणि तिला हवी तिथे लावते. मी बाजारात म्हणते ना, "जरा कमी करा की", ते तिने उचललंय. मिक्सर लागला, डोळ्यावर ऊन आलं, कुणी गालाला हात लावला, की हेच. परवा दुपारी पाळी संपवून आमचे हे घोरत पडले होते, तर कानाशी जाऊन म्हणाली, "जरा कमी करा की."

हाक मारून येत नाही. नावाने नाही, टाळीने नाही. पण देवापुढची घंटा वाजवली की असेल तिथून येते आणि माझ्या मांडीत बसते. मग मी तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरते. असं आवळलेलं तिला फार आवडतं. म्हणून जेवायला, अंघोळीला, निजायला मी घंटाच वाजवते. देवाची वस्तू अशी वापरू नये, पण तो रागावला असेल असं मला वाटत नाही. हे म्हणतात, "एकदा मलाही घंटा वाजवून बोलाव, बघू मांडी मिळते का."

तर तुझं म्हणणं असं, की तिला तुझ्याकडे ठेवायची, तुझ्या घरामागच्या त्या शाळेत घालायची, फीचं तू आणि भाऊजी बघाल, आणि जागा सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवतील. इकडे आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे. आम्हाला नाही म्हणता येत नाही, असं तिथले मुख्याध्यापक म्हणाले, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत होते. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू ठरव. तुझ्याजवळ असते ती." एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात माझ्या पदरात टाकून जेवायला बसले.

मी दोन रकाने पाडले, घरखर्चाला पाडते तसे. एकीकडे ती शाळा, एकीकडे ही. दोन्हीकडे पहिल्या ओळीत 'भीती' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

कळवते.

तुझी धाकटी


२६ ऑगस्ट

ताई,

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मीच ठेवलं. तुझं पत्र आल्यावर मी खारूला घेऊन ती शाळा बघून आले. तुझ्या दारावरूनच गेले. तू वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालत होतीस. केस बरेच पिकले तुझे. हाक मारली नाही, बसची वेळ झाली होती. तशी बसला अजून पुष्कळ अवकाश होता.

शाळेला नाव ठेवायला जागा नाही. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना फिका रंग, चप्पल बाहेर. प्रत्येक मुलाला आपापलं टेबल, दोन्ही बाजूंना फळ्या लावून आडोसा केलेला. तास बदलला की छताजवळचा दिवा हिरव्याचा निळा होतो, बस्स, घंटा नाही की गोंधळ नाही. तिथल्या मॅडम इतक्या हळू बोलतात की मलाच पेंग आली. म्हणाल्या, "आम्ही मुलांना घाई करत नाही." खारू गालिच्यावर आडवी झाली आणि गाल घासत राहिली. एकदाही 'कमी करा' म्हणाली नाही. तिथे कमी करायला काही नव्हतंच.

प्रत्येक दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. मॅडम म्हणाल्या, "इथून मूल कधी बाहेर गेलेलं नाही." ताई, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. सात वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी देवापुढे बसतेय असं वाटलं.

मग एक थोराड मुलगी दिसली. दाराजवळ उभी होती. कुणी आत-बाहेर केलं की ती त्या फटीकडे बघायची, आणि मॅडम तिचे खांदे धरून हलकेच तिला वळवायच्या. अगदी मायेने. मी विचारलं, "नवीन आहे का ही?"

"छे, लहानपणापासून आहे इथे."

सही केली नाही. विचार करते म्हणाले.

एक विचारायचं होतं. खारू तुझ्याकडे राहिली तर ती निजेल कुठल्या खोलीत? त्या कोठीच्या बाजूला नाही ना?

धाकटी


९ सप्टेंबर

ताई,

कोठीच्या खोलीत आता शिवणयंत्र ठेवलंस आणि दार चौकटीतून काढूनच टाकलंस, हे वाचलं. बरं केलंस. कधी काढलंस ते लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही.

महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, तोवर इथली शाळा तरी बघू म्हणून खारूला पाठवायला लागले आहे. वर्ग म्हणजे बाजार. चाळीसेक मुलं, एक पंखा, तोही खडखडणारा. फाटकाचं एक दार निखळून भिंतीला टेकवून ठेवलंय, पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात. पुढे ट्रकचा रस्ता, मागे कालवा. पहिल्या दिवशी मी ते सगळं बघितलं आणि माझी पाचावर धारण बसली.

वर्गाच्या बाई माझ्याहून लहान असतील. म्हणाल्या, "आधीच सांगते, अशा मुलांना शिकवायचं शिक्षण मला मिळालेलं नाही. माझं चुकणार."

मी म्हटलं, "माझंही रोज चुकतं."

"मग बसू द्या. दाराशी नको, माझ्याशेजारी."

मुख्याध्यापक मध्येच म्हणाले, "पण जबाबदारी कुणाची?"

"सर, हजेरीत नाव घालते, म्हणजे माझीच झाली की," बाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे नाव घातलं.

शेजारी एक दातपडकी मुलगी बसते. तिने पहिल्याच दिवशी मोठ्याने विचारलं, "ही मुकी आहे का?" तर खारू म्हणाली, "पावती द्या." दुकानात मी म्हणते ना, तसंच, अगदी मान वर करून. सगळा वर्ग हसला. आता तिला तिथे 'पावती' म्हणतात. आणि घरी आल्यावर झाकणं मोजताना ती मध्येच 'पावती, पावती' म्हणून खुदखुदत होती. ह्यावर रडायचं की हसायचं, सांग.

शाळेची घंटा म्हणजे टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. शिपाई त्यावर हातोडी मारतो, ते आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. घंटा झाली की खारू उठून उभी राहते म्हणे, मग बाई तिला खाली बसवतात. सवय होईल म्हणतात.

हे उद्या स्वतः जाऊन पोस्टात टाकते. पाय मोकळे होतील.

धाकटी


१६ सप्टेंबर

ताई,

थोडक्यात लिहिते. जागा सोडू नकोस. येत्या रविवारी खारूला घेऊन येते. तिला जरा कणकण आहे, म्हणून शाळेत पाठवत नाही.

त्या शाळेच्या दारांची कुलपं आतूनही लागतात का फक्त बाहेरून, ते मॅडमना विचारून ठेव. कुंपण किती उंच आहे ते बघून ये. जवळ पाणी आहे का, नाला, तळं, उघडी विहीर, काहीही. तुझं पुढचं दार दिवसा उघडं असतं का? ती खुर्ची सरकवून कडी काढते, तेव्हा वरची कडी लाव. वरची कडी नसेल तर बसवून घे, पैसे मी देईन.

देवापुढे बसते, पण डोळे मिटत नाहीत. कान दाराकडे असतात.

अक्षर हललंय, कागद गुळगुळीत आहे म्हणून.

धाकटी


१९ सप्टेंबर

ताई,

कणकण नव्हती. कागदही गुळगुळीत नव्हता. तुला खोटं लिहिलं आणि ते पाकीट पेटीत टाकल्यावर तिथेच उभी राहिले, हात घालून परत काढता येईल का बघत.

दहा तारखेला तुझं त्याआधीचं पत्र टाकून पोस्टातून परत येत होते. समोरून शाळेच्या बाई धावत आल्या, अनवाणी. "खारू घरी आली का हो?"

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, सगळी मुलं एकदम बाहेर सुटली, आणि त्या लोंढ्यात ती गेली. बाई बोलत होत्या आणि मला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. मी घराकडे गेले नाही, ताई. मी कालव्याकडे पळाले. का, ते मला सांगता येणार नाही. भीती जिथे होती तिकडे पाय गेले. पाण्यात काहीतरी गुलाबी अडकलेलं दिसलं आणि मी देवाला काय काय देऊ केलं ते लिहीत नाही. ती कसलीशी पिशवी होती. बाई चिखलात गुडघ्यापर्यंत उतरल्या होत्या. शिपाई रस्त्याच्या कडेने ओरडत चालला होता. पंक्चरवाल्याने त्याला सांगितलं, एक मुलगी ट्रक जाऊ देऊन शांतपणे पलीकडे गेली. पण कुठे, ते त्याने बघितलं नव्हतं.

शेवटी आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून हातवारे करताना दिसल्या. खारू आमच्याच जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी मांडी घालून बसली होती. आमच्या दाराला कुलूप. दारावर मारून मारून तळवे लाल झालेले. आणि भिंतीला कपाळ टेकून एकच चाललं होतं, "आहे का कुणी घरात? आहे का कुणी घरात?" शेजारी गेले की मी हाक देते, तसंच.

तिला घरात घेतलं आणि त्या क्षणापासून मला दुसरं काही दिसेना. सतत हाताला धरून ठेवली. स्वयंपाक करताना हात सोडावा लागे, तेव्हा तिला आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालत होते. हो, मीच. तू तुझ्या लग्नघरात पाहुणे जेवेपर्यंत तिला कोठीत कोंडलंस म्हणून मी पाण्याचा थेंबही न घेता निघून आले होते. तू चारचौघांत लाज वाटून कडी घातलीस आणि मी भीतीने घातली. आतून ऐकणाऱ्याला कडीचा आवाज तोच येत असेल. तुझ्या बाजूने एवढं लिहिते आहे, जास्तीचं काही नाही.

इतके दिवस देवापुढे नुसती बसत होते, दिवा लावायचंही भान नव्हतं. काल संध्याकाळी स्वतःला रागे भरले, खारूला आत ठेवून कडी घातली, दिवा लावला, आणि हाताने सवयीने घंटा उचलून वाजवली.

आतून धडाधड दार वाजायला लागलं. दोन्ही तळव्यांनी. इतका वेळ ती गप्प होती.

हातातली घंटा तशीच राहिली, ताई. मला तेव्हा कळलं. ती पळून गेलीच नव्हती. घंटा झाली की सगळं सोडून आईकडे यायचं, हे मीच तिला शिकवलं, दिवसातून दहा वेळा, किती वर्षं. शाळेत घंटा व्हायची, ती उठायची, बाई बसवायच्या. त्या दिवशी कुणी बसवलं नाही, म्हणून ती निघाली. ट्रकला थांबली. गल्ली चुकली नाही, दार चुकली नाही. ती बरोबर आली होती. जागेवर नव्हते ती मी.

कडी काढली. मांडीत घेतलं. आवळून धरलं ते ह्यांची पाळी संपून ते घरी येईपर्यंत.

रविवारी येत नाही. जागा तीस तारखेपर्यंत आहे ना? तेवढे दिवस मला दे.

धाकटी


३० सप्टेंबर

ताई,

आज शेवटचा दिवस. हे पत्र तुला उशिरा मिळेल, म्हणून ह्यांच्याकडून त्या मॅडमना फोन करवला. जागा सोडली.

रागावू नकोस, आणि कोठीमुळे सोडली असं तर मुळीच मनात आणू नकोस. तिथे ती शांत राहिली असती, हे मला माहीत आहे. कदाचित इथल्यापेक्षा लवकर वाचायला शिकली असती. रोज सकाळी उठले की पहिली पाच मिनिटं मला वाटतं, मी पोरीचं नुकसान केलं. पण जी एकटी रस्ता ओलांडून घर गाठते, तिला त्या दाराच्या फटीकडे बघत मोठी झालेली मला बघवणार नाही.

शाळेच्या बाईंना घंटेचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ती आईकडे निघायची आणि मी शिस्त शिस्त करत तिला दाबून बसवायची." शिपाई म्हणाला, "मग घंटा बंद करतो. शिट्टी मारतो." मी नको म्हटलं. शिट्टीने बाकीची पोरं मैदानातून हलायची नाहीत. आणि हिच्यासाठी घंटा कुठे कुठे बंद करत फिरणार?

मग मी काय केलं ते ऐक, तुला हसू येईल. वर्गात मागे सतरंजीवर जाऊन बसले. घंटा झाली की ती यायची, मांडीत बसायची, मी आवळायची, आणि मग बाईंकडे परत पाठवायची. पोरं हसायची. मग हसायची थांबली. त्यानंतर मी व्हरांड्यात बसले. मग नळाजवळ. मग फाटकाशी. प्रत्येक वेळी ती मला शोधत यायची आणि परत जायची. शिपाई म्हणतो, "बाई, पगार सुरू झाला का तुमचा?" हे म्हणतात, "मॅट्रिकनंतर शिकायचं राहिलं होतं ना, घे पुरं करून."

सुट्टीच्या दिवशी ह्यांनी त्यांच्या ओळखीच्या वेल्डरला आणून फाटकाचं दार बसवून घेतलं. कडी आहे, कुलूप नाही. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि पुन्हा विचारलं, "पण उद्या काही झालं तर?" मला त्यांचा राग आला नाही. रात्रंदिवस मीही तेच विचारते.

परवा एक गोष्ट झाली. मी फाटकाशी होते. घंटा झाली, खारू उठली, दारापर्यंत आली, आणि त्या दातपडकीने मागून तिचा फ्रॉक धरून तिला ओढलं आणि आपल्या मांडीत बसवलं. एवढीशी ती पोर, तिच्या मांडीत ही मावेना. पण दोन्ही हातांनी आवळलं, मी आवळते तसं. बघत होती ना इतके दिवस. आता किंचाळणार, चावणार, असं वाटलं. खारू म्हणाली, "जरा कमी करा की." त्या मुलीने हात थोडे सैल केले. मग दोघी तशाच बसून राहिल्या.

ह्या बाईंची बदली झाली तर काय, ती मुलगी दुसरीकडे राहायला गेली तर काय? माझं चुकत असेल तर त्याची शिक्षा मला होऊ दे, तिला नको, एवढंच देवाला म्हणते.

धाकटी


७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. येते म्हणालीस. ये. किती दिवस राहायचं ते विचारायचं नाही, आणि फळं-खेळणी आणायची नाहीत. आणायचंच असेल तर भाऊजींच्या औषधाच्या दुकानातून बाटल्यांची झाकणं आण, रंगीत. खारू तुझ्याकडे बघणार नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. ती कानाने बघते. हळू बोल, म्हणजे झालं.

आज पहिल्यांदा बाईंनी मला शाळेत यायचं नाही म्हणून सांगितलंय. "घरी बसा. दार उघडं ठेवा. आली तर मागे मी असेनच. नाही आली तर बघू." दातपडकीने मला वर बजावलं, "काकू, तुम्ही नकाच येऊ, मी आहे."

तेव्हा मी दारासमोर जमिनीवर बसले आहे आणि हे लिहिते आहे. दार सताड उघडं. गॅस बंद केला, उगाच काही जळायला नको. पहिली घंटा मघाशी झाली. तेव्हा हातातलं पेन सुटलं. कोणी आलं नाही. पण ती तास बदलायची घंटा, वर्गाचं दार लोटलेलं असतं. खरी ती जेवणाच्या सुट्टीची. तेव्हा सगळी सुटतात.

गल्लीतून एक सायकल गेली. एक ट्रक, लांब, वेग कमी केल्यासारखा वाटला. वरच्या आजींनी विचारलं, "काय गं, अशी दारात बसलीस?" मी म्हटलं, "ताईला पत्र लिहितेय."

देवापुढची घंटा मी फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. चुकून धक्का लागायला नको.

आता होईल. शिपाई हातोडी उचलतो, आधी पायजमा वर ओढतो, मग मारतो. इथून दिसत नाही, पण मला दिसतंय.

झाली घंटा.

मुलांचा गलका ऐकू येतोय. आमच्या खारूने किती वेळा म्हटलं असेल कमी करा म्हणून. रस्त्यावर ब्रेकचा आवाज नाही. जिन्याखाली कोणी नाही, इथूनच मान लांब करून बघितलं. वाटेत असेल तर एव्हाना पंक्चरवाल्यापर्यंत आली असती. तो ओरडला असता, त्याला सांगून ठेवलंय.

कुणी येत नाही.

ताई, उठून फाटकापर्यंत जावंसं वाटतंय, नुसतं लांबून बघायला. पण तिने मला बघितलं तर ती उठेल. म्हणून जात नाही. पत्रही पुरं करत नाही, पुरं केलं तर उठावं लागेल.

गलका कमी झाला. डबे उघडले असतील.

दार उघडं आहे. मी मांडी घालून बसले आहे, आणि मांडी रिकामी आहे.